जंजिऱ्याचे चित्र किती ठिपक्यांचे?

मुरुडच्या किनाऱ्यावरील एखाद्या शाळेने स्मरणिका काढायची ठरवली, तर मुखपृष्ठावर जंजिऱ्याचे छायाचित्र हवे याबद्दल दुमत होणार नाही. छायाचित्रांची उणीव नसते. सहलीच्या दिवशी काढलेली शेपन्नास छायाचित्रे कोणा ना कोणाच्या फोनमध्ये असतातच. त्यांतले एक निवडून छापखान्यात दिले की हमखास निरोप येतो : ‘फोटो तीनशे डीपीआयचा पाठवा, हा फाटेल.’

पडद्यावर स्वच्छ दिसणारा फोटो कागदावर का ‘फाटतो’? आणि तीनशे हाच आकडा का? अडीचशे किंवा हजार का नाही? याचे उत्तर संगणकात शोधून सापडत नाही. संगणक जन्माला येण्याच्या बऱ्याच आधी, शाईने छायाचित्र छापण्याच्या खटपटीत या आकड्याची मुळे रुजली होती. या खटपटीचा एक महत्त्वाचा भाग आपल्याकडे, मुंबई आणि लोणावळ्याच्या परिसरात घडला.

चिकटवलेली छायाचित्रे

मुंबईत छायाचित्रणाची कला फार लवकर पोहोचली. १८५४ साली तेथे ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या काळातले नामांकित छायाचित्रकार. सोसायटीच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील विविध जातीजमातींच्या लोकांची छायाचित्रे १८६३ ते १८६६ या काळात दोन खंडांत प्रसिद्ध केली. पण या खंडांतील छायाचित्रे छापलेली नव्हती. प्रत्येक प्रतीसाठी प्रत्येक छायाचित्र वेगळे तयार करून पानावर चिकटवावे लागे.

अडचण मुळात शाईची होती. छायाचित्राच्या कागदावर चांदीच्या संयुगांमुळे काळ्या-पांढऱ्यामधल्या असंख्य करड्या छटा उमटतात. छापखान्याच्या शाईला मात्र दोनच गोष्टी येतात : कागदाला लागणे किंवा न लागणे. करडी शाई वापरली तर सगळेच करडे होईल. म्हणून पुस्तकात चित्र हवे असले की छायाचित्रावरून लाकडी ठसा कोरून घेत, किंवा शिळाछापाच्या दगडावर चित्रकाराकडून हाताने काढून घेत. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेलेल्या छापखान्यात हेच तंत्र कळसाला पोहोचले होते. तेथे एकेका रंगासाठी वेगळा दगड असे आणि त्यावर कारागीर हाताने बारीक ठिपके देत देत छटा उभी करीत.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा आणि जंजिरा यांवरील खंड १८८३ सालचा आहे. त्यात जंजिऱ्याच्या तटांचे आणि तोफांचे वर्णन शब्दांत केलेले आहे. त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत वर सांगितलेल्या अडचणीवर तोड निघत होती.

जाळीची युक्ती

ही युक्ती तशी सोपी आहे. शाईला करडेपण जमत नसेल, तर डोळ्याला फसवायचे. काळ्या ठिपक्यांचा आकार लहान-मोठा करायचा, पण त्यांच्या केंद्रांमधले अंतर सारखे ठेवायचे. ठिपके पुरेसे बारीक असले की डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत. लहान ठिपक्यांचा भाग फिकट करडा आणि मोठ्या ठिपक्यांचा भाग गडद करडा भासतो. आपल्या छापखान्यांतही हे तंत्र ‘हाफटोन’ याच नावाने रुळले.

फॉक्स टॅलबट यांनी १८५२ सालीच जाळीच्या कापडातून प्रकाश पाडून छटा फोडण्याची कल्पना मांडली होती. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ या वृत्तपत्रात हाफटोनने छापलेले छायाचित्र आले. १८८२ साली म्युनिकच्या गेओर्ग मायझेनबाख यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि १८९० च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंनी काचेवर अत्यंत काटेकोर रेघा कोरलेल्या जाळ्या विकायला आणल्या. हाफटोनचा खरा प्रसार या जाळ्यांमुळे झाला.

काम असे चाले. मोठ्या कॅमेऱ्यात संवेदनशील काचेच्या किंचित पुढे ही आडव्या-उभ्या रेघांची जाळी ठेवत आणि समोरच्या छायाचित्राची प्रतिमा जाळीतून काचेवर पाडत. जाळीचा प्रत्येक चौकोनी झरोका प्रकाशाचा एक ठिपका टाकी. प्रकाश जास्त तर ठिपका मोठा, कमी तर लहान. ही ठिपक्यांची निगेटिव्ह मग प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उमटवत. उरलेला भाग जस्तावर नायट्रिक आम्लाने आणि तांब्यावर फेरिक क्लोराइडने खाऊ देत. उंच राहिलेल्या ठिपक्यांना शाई लागे. पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणला की झाला ‘ब्लॉक’. तो मजकुराच्या खिळ्यांबरोबरच यंत्रावर चढे.

ब्लॉकचा दर्जा एका आकड्याने सांगत : इंचाला किती रेघांची जाळी? वृत्तपत्राचा कागद खरबरीत आणि शाई शोषणारा. त्याला ६५ ते ८५ रेघांची जाळी झेपे. त्याहून बारीक जाळी घेतली तर ठिपके एकमेकांत फुटून नुसता काळा डाग उरे. गुळगुळीत आर्ट पेपरवर १३३ किंवा १५० रेघा चालत. म्हणजे चित्रात किती बारकावा दिसावा हे कागद, शाई आणि जाळी मिळून ठरवत. हा आकडा लक्षात ठेवू या. पुढे त्याची गरज पडणार आहे.

या शास्त्रात भारतीयांचाही वाटा आहे. कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या पुस्तकातील चित्रे लाकडी ठशांत पार बिघडली, तेव्हा त्यांनी स्वतः हाफटोनचा अभ्यास आरंभला. जाळीचे अंतर, झरोक्यांचा आकार आणि रेघांचे कोन यांचे गणित मांडणारे त्यांचे लेख लंडनच्या ‘पेनरोझ’ वार्षिकात प्रसिद्ध झाले.

चित्रपटाआधीचे फाळके

महाराष्ट्रात या तंत्राशी जोडलेले सर्वांत मोठे नाव आपल्याला वेगळ्याच कारणासाठी ठाऊक असते. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन लोकांसमोर आले. त्याआधी कित्येक वर्षे ते ठिपक्यांच्या धंद्यात होते. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, ब्लॉक बनवणे आणि तीन रंगांची छपाई त्यांनी हस्तगत केली. पुरातत्त्व खात्यात काही वर्षे छायाचित्रकार व ड्राफ्ट्समन म्हणून काम केल्यावर, स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत त्यांनी सरकारी नोकरी सोडली. १९०८ च्या सुमारास लोणावळ्याला त्यांचा एन्ग्रेव्हिंग व छपाईचा कारखाना उभा राहिला आणि पुढे तो दादरला आला. रंगीत छपाईची यंत्रे व तंत्र आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीला जाऊन आले.

तीन रंगांची छपाई म्हणजे हाफटोनची कसोटी. पिवळ्या, तांबड्या आणि निळ्या शाईचे तीन ब्लॉक एकाच जागी अचूक बसावे लागतात. तिन्ही जाळ्या एकाच दिशेने ठेवल्या तर पत्र्याच्या किंवा कागदाच्या किंचितशा सरकण्यानेही चित्रभर लाटांसारखे पट्टे उमटतात. म्हणून जाळ्या एकमेकींशी कोन करून ठेवतात. ठळक रंगांमध्ये ३० अंशांचा फरक राखला की हे पट्टे इतके बारीक होतात की डोळ्याला जाणवत नाहीत. आजच्या चाररंगी ऑफसेट छपाईतही हे कोन सांभाळावे लागतात.

याच काळात मराठी मासिकांचे रूप पालटत होते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. चित्र हा मासिकाचा नित्याचा भाग बनला तो ब्लॉकमुळेच.

भागीदारी तुटल्यावर फाळके छपाईतून बाहेर पडले आणि चित्रपटाकडे वळले. १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या अंकुराची वाढ ठरावीक वेळाने एकेक चित्र घेऊन टिपली आणि ती पडद्यावर मिनिटाभरात दाखवली. विज्ञान शिकवणाऱ्याने या प्रयोगाकडे जरा थांबून पाहावे. ब्लॉकमध्ये सलग छटेचे अवकाशात तुकडे करायचे, चित्रपटात सलग काळाचे तुकडे करायचे आणि दोन्हींत तुकडे जोडण्याचे काम डोळ्यावर सोपवायचे. दोन्हींना एकच नियम लागू होतो : दोन तुकड्यांच्या मध्ये जे घडले ते नोंदलेच गेलेले नाही.

ठिपक्याकडून पिक्सेलकडे

हे तुकडे आकड्यांत लिहिण्याचे काम १९५७ साली झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात घातले. पाच सेंटिमीटर बाजूच्या त्या चित्राचे त्यांनी १७६ × १७६, म्हणजे ३०,९७६ चौकोन केले. या चौकोनांना ‘पिक्सेल’ हे नाव १९६५ साली छापील रूपात आले. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत बॉइल व स्मिथ यांनी सीसीडी ही प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणारी चकती कल्पिली. त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेला अंकीय कॅमेरा १०० × १०० पिक्सेलचे चित्र घेई आणि ते कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लावी.

हाफटोनचा ठिपका आणि पिक्सेल यांत एक मोठा फरक आहे. ठिपक्याचा आकार बदलतो, छटा तीच काळी राहते. पिक्सेलचा आकार तोच राहतो, त्याची छटा बदलते. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा : ठिपका इंचात मोजता येतो, पिक्सेलला मात्र स्वतःची लांबीरुंदी नसते. तो फक्त एक आकडा असतो. त्याला लांबी मिळते ती कागदावर किंवा पडद्यावर उतरताना.

त्यामुळे ‘हा फोटो ७२ डीपीआयचा आहे’ हे विधान अपुरे आहे. फाइलमध्ये लिहिलेला ७२ किंवा ३०० हा आकडा म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. चिठ्ठी बदलल्याने डब्यातले धान्य वाढत नाही. हा ७२ देखील छपाईतूनच आला. छपाईत अक्षरांची मापे पॉइंटमध्ये मोजतात आणि इंचाचे साधारण ७२ पॉइंट होतात. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाचा पडदा इंचाला ७२ पिक्सेलचा ठेवला होता, म्हणजे पडद्यावरचे अक्षर कागदावरच्या मापाचे दिसे.

तीनशेचे गणित

आता ती जाळी आठवू या. चांगल्या कागदावर इंचाला १५० रेघा. छपाईचा प्रत्येक ठिपका किती मोठा करायचा हे त्याच्या जागेखालच्या पिक्सेलांवरून ठरते. एका ठिपक्याला एकच पिक्सेल असेल तर दोन्ही जाळ्या नेमक्या जुळत नाहीत आणि तिरप्या कडा पायऱ्यांसारख्या तुटतात. प्रत्येक दिशेला दोन पिक्सेल असले की हा धोका टळतो. १५० दुणे ३००. छापखान्याचा तीनशे तो हाच. दीडपट पिक्सेलांवरही पुष्कळदा भागते, आणि ८५ रेघांच्या वृत्तपत्री जाळीला १७० पुरतात.

हाच आकडा डोळ्याच्या बाजूनेही पडताळता येतो. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाने दूर असलेले दोन बिंदू वेगळे दिसतात. ३० सेंटिमीटरवर धरलेल्या कागदावर हा कोन ०.०८७ मिलिमीटरचा होतो. एका इंचात, म्हणजे २५.४ मिलिमीटरमध्ये, असे सुमारे २९० बिंदू मावतात. हातात धरून वाचायच्या पानाला तीनशेहून जास्त बारकावा दिला तरी डोळा तो घेऊ शकत नाही.

मग जंजिऱ्याच्या छायाचित्राचे काय? फोनने ४००० × ३००० पिक्सेल, म्हणजे १२ मेगापिक्सेलचे चित्र दिले असेल, तर ४००० भागिले ३०० बरोबर १३.३ इंच आणि ३००० भागिले ३०० बरोबर १० इंच. पूर्ण पानाला ते पुरून उरेल. पण हेच चित्र एखाद्या संदेशसेवेतून पुढे पाठवताना आकसून १६०० × १२०० झाले असेल, तर ते ५.३ × ४ इंच एवढ्याच मापाला चांगले छापेल. ते ताणून पानभर केले की ‘फाटते’. मूळ चित्र चांगलेच होते. वाटेत त्याचे दर सहा पिक्सेलमागे पाच गळाले.

उलट, स्नेहसंमेलनाच्या रंगमंचामागे तीन मीटर रुंद फलक लावायचा असेल तर? तीनशेच्या हिशेबाने ३५,००० हून अधिक पिक्सेलांची रुंदी लागेल असे वाटते. पण प्रेक्षक पाच मीटरवर बसलेला असतो. तेथून एक कला म्हणजे सुमारे १.४५ मिलिमीटर. तीन मीटरला सुमारे २०७० पिक्सेल पुरे! मुखपृष्ठावर चालणारे चित्र फलकावरही चालते ते यामुळे.

मोठे केले म्हणून जास्त दिसते का?

पिक्सेल पुष्कळ असणे आणि तपशील पुष्कळ असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. समजा, किल्ल्यापासून ८०० मीटरवर किनाऱ्यावर उभे राहून आपण छायाचित्र घेतले आणि फोनचा दृष्टिकोन ६५ अंशांचा आहे. तर चौकटीत सुमारे १,०२० मीटर रुंदीचे दृश्य मावेल. ते ४००० पिक्सेलांत वाटले की एका पिक्सेलच्या वाट्याला २५ सेंटिमीटर आले. बुरुज ओळखू येतील, पण तोफेचे तोंड एखाद्या पिक्सेलात गडप होईल.

मग ५० मेगापिक्सेलचा फोन घ्यावा का? येथे भौतिकशास्त्र आडवे येते. प्रकाश तरंगरूप असल्याने लहान छिद्रातून जाताना पसरतो. लॉर्ड रॅले यांच्या निकषानुसार, अडीच मिलिमीटर छिद्राच्या भिंगाला हिरव्या प्रकाशात वेगळा करता येणारा लहानांत लहान कोन जवळजवळ एक कलाच भरतो. म्हणजे ८०० मीटरवर सुमारे २१ सेंटिमीटर. पिक्सेल चौपट केले तरी तेवढ्या भिंगातून तोफेचे तोंड स्पष्ट होणार नाही. आपल्या बुबुळाचे छिद्रही दिवसा दोन-तीन मिलिमीटरच असते, आणि डोळ्याची मर्यादा एका कलेजवळ आहे, हा योगायोग नव्हे.

जंजिरा आकाशातून पाहिला तर हाच धडा मिळतो. किल्ल्याचे क्षेत्र सुमारे २२ एकर, म्हणजे ८९ हजार चौरस मीटर, सांगतात. १९८८ साली सोडलेल्या आयआरएस-१ए या आपल्या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा पिक्सेल जमिनीवर ७२.५ मीटर बाजूचा होता; त्यात अख्खा जंजिरा अवघ्या १७ पिक्सेलांत आटपे. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या ३६.२५ मीटरच्या पिक्सेलात ६८. १९९५ च्या आयआरएस-१सी च्या ५.८ मीटरच्या पिक्सेलात सुमारे २,६००. २००७ साली गेलेल्या कार्टोसॅट-२ ची क्षमता एक मीटरहून सरस होती. तेथे हा आकडा ८९ हजारांच्या पुढे जातो. सतरा पिक्सेलांचे चित्र भिंतीएवढे छापले तरी त्यात बुरुज दिसणार नाहीत. दिसतील ते सतरा मोठे चौकोन.

न नोंदलेले परत येत नाही

चौकोन दिसू नयेत म्हणून संगणक दोन पिक्सेलांच्या मध्ये सरासरीचे पिक्सेल भरतो. त्याने चित्र मऊ होते, माहिती वाढत नाही. अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पुढे जातात. असंख्य चित्रांवरून शिकलेल्या सवयीने ती ‘येथे बहुधा असे असेल’ म्हणून तपशील रचतात. जंजिऱ्याच्या महादरवाजापाशी पंजांत हत्ती पकडलेल्या पशूचे शिल्प आहे. त्याचे धूसर छायाचित्र अशा साधनाला दिले, तर ते झिजलेल्या दगडावर रेखीव आयाळ आणि डोळे काढून देईल. चित्र सुंदर होईल, पण ते डोळे कोणत्या शिल्पकाराने कोरले? भित्तिपत्रकाला हे चालेल. इतिहासाच्या तासाला पुरावा म्हणून चालणार नाही. विद्यार्थ्यांना हा फरक शाळेतच कळला पाहिजे, कारण पुढे त्यांना अशीच चित्रे रोज भेटणार आहेत.

यातून शाळेपुरते काही नियम निघतात. मूळ फाइल जशीच्या तशी जपावी. पाठवायची किंवा लहान करायची ती तिची प्रत. जुन्या ३५ मिलिमीटर निगेटिव्हची रुंदी ३६ मिलिमीटर असते. तिच्यावरून दहा इंची छपाईसाठी ३००० पिक्सेल हवे असतील, तर ती इंचाला निदान २,१०० बिंदूंनी स्कॅन करावी लागते. सहा इंची छापील छायाचित्राला ६०० पुरतात. निगेटिव्ह आणि छायाचित्र दोन्ही असतील तर निगेटिव्हला प्राधान्य द्यावे. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ वस्तू रद्दीत घालू नये. फाळक्यांच्या काळातील ब्लॉकवरून छापलेल्या चित्रातून आज आपण जाळीच्या बारकाव्यापलीकडे काहीच मिळवू शकत नाही. मूळ निगेटिव्ह उरली असेल, तरच त्याहून जास्त दिसू शकते.

करून पाहा

एक भिंग, आजचे वृत्तपत्र, एखादे गुळगुळीत मासिक आणि मिळाल्यास १९८० पूर्वीचा एखादा दिवाळी अंक घ्या. चित्रावर पट्टी ठेवून, ठिपक्यांच्या ओळीच्या दिशेने, एका सेंटिमीटरमध्ये किती ठिपके येतात ते विद्यार्थ्यांना मोजू द्या. आकड्याला २.५४ ने गुणले की इंचाच्या रेघा मिळतात. मग जुन्या अंकातील एक चित्र आधी इंचाला १५० आणि नंतर ६०० बिंदूंनी स्कॅन करा. पहिल्यात बहुधा लाटांसारखे पट्टे दिसतील. चित्राची जाळी १३३ रेघांची असून स्कॅनच्या ओळींना समांतर असेल, तर १५० वजा १३३, म्हणजे इंचाला १७ पट्टे. जाळी तिरपी असेल तर पट्ट्यांची संख्या आणि दिशा बदलेल. चित्र थोडे थोडे फिरवून तेही पाहता येईल. जवळजवळ सारख्या सुराच्या दोन तंबोऱ्यांच्या तारांतून जसे स्पंद ऐकू येतात, तसेच हे डोळ्यांना दिसणारे स्पंद आहेत. ध्वनीच्या धड्याला जोडून हा प्रयोग सहज घेता येईल.